एक मंडल बिनमिठाचं

मी मद्रासला लिथियम कार्बोनेट विकायचो, हे माझ्या सांगलीकडच्या नातेवाइकांच्या गळी कधीच उतरलं नाही. बीएस्सी झालेला मुलगा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत चिकटतो आणि मग त्याचं लग्न होतं, असा तिकडचा क्रम. मी आगगाडीत बसून थेट मद्रास गाठलं, म्हणजे दोन्ही गोष्टी मी आपल्या हाताने घालवल्या असं सगळ्यांचं मत पडलं. वडील मात्र विचारणाऱ्याला ऐटीत सांगत, "पोरगं औषधांत आहे." हे निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं म्हणजे एनॅमलची टमरेलं.

आज कुठल्याही पोराला लिथियम म्हटलं की मोबाइलची बॅटरी आठवते. ऐंशीच्या आगेमागे हे नाव काढलं की समोरचा माणूस घड्याळाकडे बघायचा. जॉर्ज टाउनमधल्या एका बोळात आमच्या मुदलाळींचं, म्हणजे मालकांचं, दुकान होतं. खाली गोदाम, वर दोन टेबलांचं ऑफिस आणि दोन्हीकडे शिंका. बंदरातून पोती यायची आणि पुठ्ठ्याची पिंपं यायची. दोन्हींत तीच पांढरी, बारीक, दिसायला गरीब अशी पूड. पोत्यात टेक्निकल ग्रेड, आणि पिंपात, पॉलिथिनच्या पिशवीत बाळंतिणीसारखी जपून ठेवलेली आयपी ग्रेड, म्हणजे औषधाच्या सरकारी कसोटीला उतरलेली.

पोत्यातला माल टमरेलवाल्याला जाई, कारण त्याने एनॅमल कमी आचेवर वितळतं आणि वर चकाकतं. तो फरश्यांना आणि कपबश्यांना झिलई देणाऱ्याला जाई, काचवाल्याला जाई, चाकाच्या बेअरिंगमध्ये घालायचं ग्रीस बनवणाऱ्याला जाई, अॅल्युमिनियमच्या भट्टीवाल्यालाही जाई. थोडक्यात, जे वितळायला कुरकुर करतं त्याला वितळायला लावायचं, हा या पुडीचा धंदा. पिंपातला माल जाई गोळ्या बनवणाऱ्यांकडे. पोत्यातल्या मालात थोडं लोखंड, थोडं सल्फेट राहिलं तरी टमरेल तक्रार करत नाही. माणसासाठी तीच पूड पुन्हा विरघळवून, गाळून, धुऊन घ्यावी लागते. हे मी नव्या गिऱ्हाइकाला दहा मिनिटं समजावून सांगत असे. मुदलाळी एका वाक्यात उरकत. एक भट्टीत जातं, एक माणसात जातं, तेवढं चुकवू नकोस, असं ते पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते.

या पदार्थाबद्दल मला पहिल्यापासून घरचा जिव्हाळा वाटे, त्याला आणखी एक कारण होतं. बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात. हा गार पाण्यात बरा विरघळतो आणि पाणी तापवलं की रुसून खाली बसतो. आमच्या नात्यात असा एक जावई होता.

राहायला मी आधी तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनमध्ये होतो. मॅन्शन म्हणजे नावाला महाल, प्रत्यक्षात ब्रह्मचारी आणि ढेकूण यांचं वसतिगृह. तीन महिन्यांत ढेकणांनी बाजी मारली आणि मी त्याच भागात एका जोडप्याच्या घरी मागची खोली घेतली, जेवणासकट. नवरा एका ऑफिसात हेडक्लार्क, पन्नाशी उलटलेला. मूलबाळ नव्हतं. हे लोक तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्याबरोबर तिकडे गेले ते तिकडचेच झाले. मद्रासेत कुणीही वडीलधारा भेटला की तो मामा आणि त्याची बायको मामी, म्हणून माझेही ते मामा-मामी झाले. त्यांना माझं मराठी रेडिओसारखं वाटे आणि मला त्यांचं बखरीसारखं. "पाणी तापलें आहे, न्हाऊन ये" असं मामी म्हणाल्या की मला उगीचच आपण किल्लेदार असल्यासारखं वाटायचं.

मामा शांत, हळू बोलणारे, थोडे संथच. हा संथपणा विकतचा आहे हे मला दोन महिन्यांनी कळलं. मामींनी दार लावून घेतलं आणि सांगितलं. मुदलाळींच्या भाषेत सांगायचं तर मामांना तेजी-मंदी यायची. तेजीत असताना त्यांनी एकदा ऐन मे महिन्यात गल्लीतल्या प्रत्येक घरी एक छत्री नेऊन दिली होती. एकदा मरीनाकडे जाणाऱ्या बसमध्ये उभं राहून त्यांनी तंजावरी मराठीत कीर्तन लावलं. एकाही उतारूला एक अक्षर कळत नव्हतं, तरी कंडक्टरसकट सगळ्यांनी टाळ्या धरल्या, म्हणे. मग मंदी यायची आणि मामा सहा सहा आठवडे भिंतीकडे तोंड करून बसायचे. विहिरीवरही एकदा जाऊन आले होते. मग मनाच्या दुखण्यांच्या एका मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि गेली दोन वर्षं घर शांत होतं. हे सांगताना मामींनी तीनदा बजावलं की गल्लीत कुणाला कळता कामा नये.

मी बाटलीवरचं लेबल वाचलं. लिथियम कार्बोनेट. मी इतक्या मोठ्याने हसलो की मामींना वाटलं मलाही ते लागलं. हसणं चुकीचंच होतं, पण ज्या मालासाठी मी उन्हातान्हात अंबत्तूरचे कारखाने पालथे घालत होतो तो आमच्याच फळीवर तुपाच्या बरणीशेजारी बसला होता, याला काय करणार. मामा ऑफिसातून आल्यावर त्यांना मी सांगून टाकलं. "तूं विकतोस तें मी खातों?" एवढं विचारून तेही हसले. मामींनी व्यवहाराचा प्रश्न काढला की तुझ्याकडे पोत्याने आहे तर दुकानातून मात्रै कशाला आणायच्या. मात्रै म्हणजे गोळ्या. मी त्यांना ग्रेडचं दहा मिनिटांचं भाषण ऐकवलं.

त्या रविवारी मामांनी हट्ट धरला म्हणून मी त्यांना जॉर्ज टाउनला आमच्या ऑफिसात नेलं आणि माल तपासायच्या गॅसच्या दिव्यावर एक गंमत दाखवली. तारेचं टोक ओलं केलं, नमुन्याच्या पुडीत बुडवलं आणि गॅसच्या निळ्या ज्योतीत धरलं. ज्योत कुंकवासारखी लाल झाली. मामा पुढे वाकून बघत राहिले.

"हें माझ्या आंत आहे?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. आणखी एकदा दाखव, म्हणाले. मी चार वेळा दाखवलं. मामांना इतकं खूश झालेलं मी त्या घरात प्रथमच पाहिलं आणि मला ते फार आवडले. खरं सांगायचं तर मला कीर्तनवाले मामाही बघायचे होते, पण हे बोलायची सोय नव्हती.

मामींना मात्र गोळ्या नको होत्या. मामांचे हात जरा थरथरत, चव गेली म्हणत, आणि मुख्य म्हणजे जन्मभर गोळ्या खाणारा माणूस हा मामींच्या हिशेबी बरा झालेला माणूस नव्हता. मग त्यांनी नवस बोलला. त्यांचं माहेर कुंभकोणचं. तिथून जवळच एक देव आहे, त्याला नैवेद्य बिनमिठाचा लागतो. त्याची गोष्ट अशी की देवाने एका ऋषीच्या मुलीला मागणी घातली. बाप म्हणाला, पोर लहान आहे, स्वयंपाकात मीठ किती घालायचं तेही तिला कळत नाही. देव म्हणाला, मी बिनमिठाचं खाईन. लग्नाआधी सगळेच नवरे असलं काहीतरी बोलतात. हा एकटा असा निघाला की त्याने शब्द पाळला. तर मामांचं दुखणं मुळातून जावं म्हणून दोघांनी एक मंडल, म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस, अळणी जेवायचं असं मामींनी देवाला सांगितलं. नवसाची बाहेर वाच्यता करायची नाही. केली की फळ जातं. मला सांगावंच लागलं, कारण पान मलाही तेच वाढलं जाणार होतं.

त्यांच्यात पान मांडलं की सगळ्यात आधी डावीकडे वर चिमूटभर मीठ वाढायची रीत. त्या दिवसापासून तो कोपरा रिकामा राहू लागला. पहिल्या दिवशी सांबार तोंडात घातलं आणि मला घराची, आईची, सगळ्यांची आठवण झाली. मी मोठ्या धीराने मामींना म्हटलं की छान झालंय. दुसऱ्या दिवसापासून मी संध्याकाळी ऑफिस सुटलं की आधी मरीनावर जाऊ लागलो. तिथे वाळूत सुंडलवाले फिरतात. सुंडल म्हणजे उकडून मीठ-खोबरं घातलेले चणे. कागदाचे दोन कोन भरून सुंडल आणि वर खारे दाणे खाऊन मी घरी येत असे आणि मग पानावर अगदी साधूसारखा बसत असे. मामी माझं कौतुक करत. बाहेरचा मुलगा असून नवस पाळतो, म्हणत.

मे महिना होता. तिकडे ज्याला कत्तिरीचं ऊन म्हणतात ते पडलं होतं, नुसतं बसलं तरी घामाने सदरा अंगाला चिकटत होता. पंधरा-वीस दिवस झाले असतील. मामी देवळात गेल्या होत्या, तेव्हा मामा माझ्या खोलीच्या दारात आले.

"थोडें मीठ आण रे, कण्णा. कागदांत बांधून. तिला नको सांगूं."

कण्णा म्हणजे बाळा. हेडक्लार्क माणूस, पोराकडे चोरून मीठ मागत होता. माझ्या पोटात तेव्हा सुंडल होतं. मी काय केलं, तर म्हटलं, "मामा, देवाचं काय?" ते ओशाळले आणि परत गेले. मला स्वतःचा अभिमान वाटला. असला नालायकपणा करताना माणसाला अभिमानच वाटत असतो, म्हणून तर तो हातून होतो.

आणखी आठवड्याने मी न्हाऊन बाहेर आलो तर मामा माझ्या टेबलाशी उभे. हातात दहीभाताची वाटी आणि नमुन्याची उघडलेली पुडी. टेक्निकल ग्रेड, टमरेलवाल्याला दाखवायला आणलेली. त्यांना वाटलं मी शेवटी मीठ आणून ठेवलंय. चिमूट भातावर पडायच्या आत मी पुडी हिसकावली. मी त्यांना खुर्चीवर बसवून सांगितलं की हे मीठ नाही, तुमचं औषधच आहे, पण तेही पोत्यातलं, त्यात लोखंड असतं, सल्फेट असतं, पिंपातलं वेगळं असतं. मामा मान हलवत ऐकत होते, वाटी हातातच होती. मीठ हवंय म्हणून आलेल्या माणसाला मी दोन ग्रेडमधला फरक समजावला आणि मीठ मात्र दिलं नाही. पुडी कुलपात ठेवली आणि ऑफिसला गेलो.

पस्तिसाव्या दिवसाच्या सुमाराला मामांना जुलाब लागले. मग उलट्या. हात इतके कापू लागले की पेला धरवेना. चालताना भिंत धरायचे. गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे डॉक्टर बसत, त्यांना मी बोलावून आणलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, उन्हाचं आहे म्हणाले, आणि दोन प्रश्न विचारले. दुसरं काही औषध चालू आहे का, आणि खाण्यापिण्यात काही बदल केलाय का.

पहिल्या प्रश्नाला मामी नाही म्हणाल्या, कारण गोळ्यांचं गल्लीत कळता कामा नये. दुसऱ्या प्रश्नाला मी नाही म्हणालो. मामी माझ्याकडे बघत होत्या, आणि नवसाची वाच्यता करायची नव्हती. शिवाय मला खरंच वाटत होतं की मीठ न घालणं हा काही खाण्यातला बदल नव्हे, तो देवाधर्माचा भाग. डॉक्टरांनी पोटाचं मिक्श्चर दिलं, पातळ ताकभात द्या म्हणाले, आणि गेले. मामींनी ताकभात केला. अळणीच. संध्याकाळची गोळीही वेळेवर दिली.

दुसऱ्या दिवशी मी जॉर्ज टाउनला गेलो. टपालात एका गोळ्या बनवणाऱ्या कंपनीचं पत्र होतं, आयपी ग्रेडची माहिती पाठवा असं. अशा पत्राला आम्ही परदेशी कारखान्याची एक छापील पुस्तिका पाठवत असू. गेल्या दीड वर्षात तसल्या दोन डझन पुस्तिका तरी मी 'आपला विश्वासू' लिहून पाठवल्या असतील. शुद्धतेचा तक्ता तिसऱ्या पानावर होता आणि तो मला पाठ होता, म्हणून चौथं पान मी कधी उलटलं नव्हतं. त्या दिवशी टाचणी नीट बसेना म्हणून पुस्तिका उघडली. शेवटच्या पानावर औषध घेणाऱ्यांसाठी सावधगिरी लिहिली होती.

जेवणातलं मीठ कमी करू नये, असं पहिलंच वाक्य होतं. मीठ मिळेनासं झालं, त्यात घाम जास्त गेला, की शरीर लिथियमच मीठ म्हणून धरून ठेवतं आणि बाहेर सोडत नाही. मग ते साठतं. जुलाब, उलट्या, कंप, झोक जाणं, जीभ जड होणं, शुद्ध हरपणं, अशी ओळीने लक्षणं दिली होती. मामांनी माझ्या पुडीबद्दल जी चूक केली होती, तीच त्यांचं शरीर महिनाभर करत होतं.

मी मुदलाळींना काय सांगितलं ते आठवत नाही. बस ब्रॉडवेवरून हलेना, तेव्हा उतरून रिक्षा केली. घरी मामा पलंगावर होते आणि बोलत होते, पण त्यातला एकही शब्द लागत नव्हता. मामी दुपारची गोळी पाण्यात विरघळवून चमच्याने पाजायच्या बेतात होत्या. मी पेला घेतला आणि मोरीत ओतला. मामांना दोघांनी धरून दारात थांबवलेल्या त्याच रिक्षात घातलं आणि सरकारी इस्पितळात नेलं. तिथे तरुण डॉक्टरने तेच दोन प्रश्न विचारले. मी मामींकडे न बघता सगळं सांगून टाकलं. गोळ्या, नवस, दिवस किती झाले, सगळं. पुस्तिका त्याच्या हातात दिली. त्याने ती वाचलीही नाही, गोळी बंद करायला सांगून आधी सलाइन लावलं. सलाइन म्हणजे मिठाचं पाणी. मग रक्त तपासायला पाठवलं. तिथल्या प्रयोगशाळेच्या एका नोकराने सांगितलं की रक्तातलं लिथियम यंत्रात ज्योतीवर फवारून मोजतात, ज्योत किती लाल होते ते बघून. मला गॅसशेजारी वाकलेले मामा दिसले आणि मी व्हरांड्यात जाऊन रडलो.

मामी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "माझ्या नवसानें हें झालें का रे?"

मी म्हटलं, "नाही मामी. मी डॉक्टरांना खोटं सांगितलं म्हणून."

दोन दिवस मामा कुठेतरी लांब होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला ओळखलं आणि भूक लागली म्हणाले. पुढे गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, कमी प्रमाणात, दर महिन्याला रक्त तपासून. मोठ्या डॉक्टरांनी मामींना बसवून सांगितलं की यांना रोजचं मीठ रोज मिळालंच पाहिजे, हाही औषधाचाच भाग. मामींनी ते नवसाइतक्याच गंभीरपणे ऐकलं.

घरी आल्यावरचं पहिलं जेवण मला अजून दिसतं. मामींनी तीन पानं मांडली आणि प्रथेप्रमाणे आधी मीठ वाढलं, तिन्ही पानांवर. मग आपल्या पानावरचं मीठ बोटाने उचललं आणि मामांच्या पानावर, त्यांच्या मिठाशेजारी ठेवलं. मंडलाचे उरलेले दिवस आपण एकटीने करणार, त्याने देवाचं भागेल, असं त्या मामांना म्हणाल्या. मामांनी वरणभातात मीठ कालवलं आणि खाली मान घालून जेवू लागले. हात अजून थोडा कापत होता.

मी माझ्या पानावरच्या मिठाला हात लावला नाही. म्हटलं, मामी, मीही उरलेले दिवस अळणीच जेवतो. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

मामी माझ्या पानावर भात वाढत होत्या. वाढता वाढता हळूच म्हणाल्या, "तूं रोज खारें खाऊन येत होतास. तुझ्या खिशाला सुंडलाचा वास यायचा. मला कळत होतें, मी बोललें नाहीं. पण त्यांनी मागितलें तेव्हां एवढेंसें द्यायचेंस की रे. इस्पितळांत त्यांनीच सांगितलें मला."

मग त्यांनी माझ्या भातावर आमटी वाढली आणि मीठ घे म्हणाल्या. मी घेतलं.